फूल, दोन पानं आणि अडीच महिन्यांचं कोडं

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यावर उमेदवाराचं नाव नव्हतं. दोन चित्रं होती. एक फूल, आणि दुसरीकडे दोन पानं. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा. दोन पानं म्हणजे नको, आहे तसा संघ प्रदेशच राहू द्या. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केलं, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. ७,२७२ मतं बाद झाली.

विलीनीकरण फेटाळलं गेलं, विषय संपला. पण थांबा.

अडीच महिनेही उलटले नव्हते. त्याच वर्षी मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसवला तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. नावातच महाराष्ट्र असलेला, विलीनीकरणासाठीच जन्माला आलेला आणि जानेवारीत त्याच मुद्द्यावर हरलेला पक्ष. विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाला, म्हणजे युगोला, १२ जागा मिळाल्या आणि मगोला १६. आणि भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले.

महाराष्ट्रात हा किस्सा अजून कुणी काढला की दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. ‘ख्रिश्चनांच्या मतांमुळे गोवा गेला’ किंवा ‘गोवेकरांनी ऐनवेळी पाठ फिरवली’. मार्चचा निकाल समोर ठेवला की दोन्ही वाक्यं लंगडी पडतात. पाठ फिरवणारे लोक ज्यांच्याकडे पाठ फिरवली त्यांनाच अडीच महिन्यांत डोक्यावर घेत नाहीत. मला विचाराल तर आधुनिक भारतात लोकांची राजकीय निष्ठा कशी चालते हे समजून घ्यायला एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. एकच जनता, एकच हिवाळा, दोन मतदानं आणि वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध दोन उत्तरं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा गोव्यात ती साडेचारशे वर्षं होती असं आपण म्हणतो, पण सगळ्या गोव्यात नव्हती. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या हाताखालच्या. धर्मांतरं झाली ती मुख्यतः इथे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या ‘नव्या काबिजादी’. या अठराव्या शतकात, बऱ्याचशा त्याच्या उत्तरार्धात, त्यांच्याकडे गेल्या. इथली देवळं शाबूत राहिली, भजन-कीर्तन मराठीतून चालत राहिलं, पोथी मराठीत वाचली जात होती. घरात बोलणं मात्र दोन्हीकडे कोंकणी. ख्रिस्ती कुटुंबात तीच कोंकणी रोमी लिपीत लिहिली जायची, प्रार्थना आणि तियात्र (गाण्यांचं कोंकणी नाटक) त्याच भाषेत. म्हणजे बोली एक, आणि लिहिण्यावाचण्याची, देवाशी बोलण्याची भाषा दोन तऱ्हांची. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे.

या नकाशावर आणखी एक नकाशा घालायला हवा, जमिनीचा. वर भाटकार, खाली कूळ आणि मुंडकार. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसून खंड देणारा, हे महाराष्ट्रात सांगायला नको. मुंडकार हा गोव्याचा खास शब्द. भाटकाराच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा, त्या बदल्यात त्याच्या माडांची राखण करणारा आणि लागेल ते काम करणारा माणूस. घर त्याचं, पण घराखालची जमीन त्याची नाही. भाटकाराची मर्जी गेली की चंबूगबाळं आवरायचं. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. मुंडकारांचंही तसंच.

१९६३ मध्ये बांदोडकरांनी मगो पक्ष उभा केला तेव्हा त्यांनी हात घातला तो या दुसऱ्या नकाशाला. ते स्वतः खाणमालक, पैसेवाले, पण जातीच्या उतरंडीत वरच्या पायरीवरचे नव्हते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा बहुजन समाजाच्या थेट काळजाला भिडली. आणि पलीकडे, घाटावर, नुकतंच १ मे १९६० ला जन्मलेलं महाराष्ट्र राज्य होतं. तिथे सत्तेवर बहुजन समाजातले नेते होते, कुळकायदा आला होता. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या कुळाला ‘महाराष्ट्र’ या शब्दात नकाशापेक्षा वेगळं काही ऐकू येत होतं. भाटकारशाहीतून सुटका, मुलांना शाळा, आपल्यातल्या माणसाच्या हातात सत्ता.

९ डिसेंबर १९६३ ला गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. मगो आणि तिच्या पाठिंब्यावरचे मिळून १६ जण निवडून आले, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युगोला १२ जागा मिळाल्या आणि ज्या काँग्रेस सरकारने सैन्य पाठवून गोवा सोडवला त्या काँग्रेसला गोव्यात भोपळा. (कृतज्ञता मतपेटीत फार काळ टिकत नाही. पण तो वेगळा लेख होईल.)

मगोचं म्हणणं सरळ होतं. आम्ही विलीनीकरण मागत निवडणूक लढवली, जिंकलो, म्हणजे जनतेने कौल दिला. १९६५ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेने. महाराष्ट्राच्या मनात गोवा आपलाच होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांनी लाठ्या आणि तुरुंग सोसला होता, अनेकांनी गोळ्या झेलल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राची ऊब अजून ताजी होती. बेळगावची जखमही ताजी होती, सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला तोही याच सुमाराला, १९६६ च्या ऑक्टोबरात.

युगोचं उत्तर असं होतं की निवडणूक म्हणजे या एका प्रश्नावरचं मत नव्हे, हा प्रश्न लोकांना वेगळा विचारा. गोव्याच्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. पंडित नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण जपू असं आश्वासन दिलं होतं, पण ते १९६४ मध्ये गेले. शास्त्रीजी आले आणि १९६६ च्या जानेवारीत गेले. शेवटी इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. असा कायदा मुद्दाम करावा लागला, कारण आपल्या घटनेत सार्वमताची सोयच नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला दिलाय, लोकांना विचारायची सक्ती नाही. ‘स्वतंत्र भारतातलं एकमेव सार्वमत’ असं गोव्याच्या कौलाला पुष्कळदा म्हटलं जातं, तेवढं बरोबर नाही. जुनागढमध्ये १९४८ ला झालं, चंद्रनगरला १९४९ मध्ये, सिक्कीममध्ये १९७५ ला. पण ती सगळी भारतात यायचं की नाही यावर होती. भारतातल्याच एका तुकड्याने भारतातल्याच एका राज्यात जायचं का, हा प्रश्न लोकांपुढे ठेवला गेला तो फक्त इथे. दमण आणि दीवच्या लोकांनाही त्याच वेळी विचारलं, गुजरातेत जायचं का. त्यांनीही नको म्हटलं.

आता ‘वेगळा विचारा’ या मागणीत एवढं काय होतं? खरी लढाई इथेच होती. माप कोणतं लावायचं यावर निकाल ठरणार होता आणि दोन्ही बाजूंच्या चाणाक्ष लोकांना ते कळत होतं.

निवडणूक ही खानावळीतल्या थाळीसारखी असते. आमटी आवडली म्हणून थाळी घेतली तरी वांग्याची भाजी ताटात येतेच. मगोच्या थाळीत जमीन होती, शाळा होत्या, भाऊंसारखा दाराशी भेटणारा पुढारी होता, आणि विलीनीकरणही होतं. कुणी कशासाठी थाळी घेतली हे गल्ल्यावरच्या हिशेबात दिसत नाही. जनमत कौल म्हणजे एकच पदार्थ वेगळ्या वाटीत काढून विचारणं, हा हवा का?

एक रेंदेर डोळ्यापुढे आणा. रेंदेर म्हणजे माडाची सूर काढणारा. दिवसातून तीनदा माडावर चढायचं, काती, म्हणजे धारदार हत्यार, घेऊन पोय (माडाचा फुलोरा) तासायची, मडक्यात साठलेली सूर उतरवायची. कंबरेला काती, खांद्याला दुधी भोपळ्याचं भांडं. सुरेपासून फेणी, सुरेपासूनच गूळ, सुरेवरच पावाचं पीठ फुगतं. भाटकाराला त्याने माडामागे पैसे मोजायचे. या माणसाला मगो जवळची वाटली तर नवल नाही. पण महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. विलीन झालो की तो कायदा इथे येईल आणि हातातली काती खुंटीला अडकवावी लागेल, ही भीती प्रचारात घरोघर पोचली. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊंना मत देणारा असा माणूस जानेवारी १९६७ मध्ये दोन पानांवर शिक्का मारतो आणि मार्चमध्ये पुन्हा भाऊंना मत देतो. यात फितुरी कुठे आली? तिन्ही वेळेला तो आपल्या पोटाशी आणि घराशी इमान राखूनच होता.

पांढरपेशांची भीती निराळी होती. पणजीला स्वतःचं सचिवालय, स्वतःची विधानसभा, स्वतःचे मंत्री. विलीन झालो की उरणार एक जिल्हाधिकारी. साधा हिशेब करून बघा. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्र चार कोटींच्या जवळ, गोवा सहा लाखांच्या आत. २७० जणांच्या महाराष्ट्र विधानसभेत गोव्याच्या वाट्याला लोकसंख्येप्रमाणे जेमतेम चार आमदार आले असते. पणजीत गोव्याचे २८ होते. हा हिशेब फक्त विरोधकांनीच केला असेल असं मानायचं कारण नाही. उद्या आमदार व्हायची आस असलेल्या मगोच्या तरुण कार्यकर्त्यालाही बोटं मोजता येत होती. आणि शेजारी उदाहरण डोळ्यासमोर होतं. तेरेखोलच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा, सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा व्हायचा होता. तिथली घरं मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत होती. मुंबईत सरकार आपलं आहे म्हणून त्या कोकणाचं काय भलं झालं, हा प्रश्न गोव्यात विचारला गेला आणि खरं सांगायचं तर आम्हा कोकणवाल्यांकडे त्याचं चांगलं उत्तर नव्हतं.

धर्माचा मुद्दा टाळून चालणार नाही, पण तो आकड्यांनी तपासू या. गोव्यात तेव्हा हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते, ख्रिस्ती चाळीसच्या आत. समजा एकूण एक ख्रिस्ती मत पानांना पडलं. (सासष्टीसारख्या तालुक्यात पानांचा जोर प्रचंड होता, हे खरंच आहे.) तरी वैध मतांपैकी पानांना साडेपंचावन्न टक्के मिळाली. म्हणजे वरचे पंधरा-सोळा टक्के हिंदूंनीच दिलेले असणार. ढोबळ हिशेबाने दर चार हिंदूंमागे एक. ही मतं फुलाकडे गेली असती तर गोवा आज महाराष्ट्रात असता. एकूण फरक ३४,०२१ चा. सतरा हजार माणसांनी दुसरीकडे शिक्का मारला असता की निकाल उलटला असता. ‘ख्रिश्चनांमुळे’ या वाक्यात ही चौथी मतदारीण, हा चौथा मतदार गायब होतो.

त्याच्यापर्यंत पोचलं कोण? इथे या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा तपशील येतो. विलीनीकरणाविरुद्ध हिंदू मतदाराचं मन वळवण्यात मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाचा वाटा मोठा होता. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ नावाचं सदर लिहीत. कोंकणी ही मराठीची बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे, गोवा वेगळा आहे, महाराष्ट्रात जाऊ नका, हे सगळं रोज सकाळी घरोघर सांगितलं जात होतं. कोणत्या भाषेत? मराठीत. कारण ज्याला पटवायचं होतं तो वाचक मराठी वाचणारा होता. ‘गोमंतक’सारखा विलीनीकरणवादी पेपर आणि ‘राष्ट्रमत’ एकाच भाषेत एकमेकांवर तुटून पडत होते, आणि एकाच चहाच्या दुकानात दोन्ही वाचले जात होते.

मराठी वाचणारा, मराठीतून आरती म्हणणारा, मराठी नाटकाला रात्रभर बसणारा माणूस मुंबईच्या मंत्रालयाला ‘नको’ म्हणू शकतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या नेत्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी मराठीवरचं प्रेम मोजलं आणि त्यालाच विलीनीकरणाचं मत समजून बसले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात भाषा आणि राज्य या दोन गोष्टी इतक्या एकजीव झाल्या होत्या की त्या सुट्या होऊ शकतात ही कल्पनाच करवत नव्हती. उलट चूक दुसऱ्या बाजूनेही झाली. पानं जिंकल्यावर युगोला वाटलं, आता गोवा आपला. मार्चने त्यांनाही जमिनीवर आणलं. दोन पानांवरचा शिक्का सिक्वेरांच्या पक्षाला दिलेला नव्हता.

बांदोडकरांच्या पदरात मात्र एक श्रेय घालायलाच हवं. सरकारी यंत्रणा मगोच्या हातात असताना कौल निष्पक्ष होणार नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि ३ डिसेंबर १९६६ ला विधानसभा बरखास्त झाली. खुर्ची सोडून ते प्रचाराला उतरले आणि हरले. आजच्या दिवसांत हे वाचताना दोनदा डोळे चोळावेसे वाटतात. मार्चमधल्या मतांत या गोष्टीचा वाटा किती, ते कुणी मोजलेलं नाही. पण गावाकडच्या मतदाराला असलं वागणं दिसतं आणि लक्षात राहतं.

आणि हरल्यावर पक्ष मोडला नाही, कारण थाळीतले बाकीचे पदार्थ तसेच होते. १९६४ च्या कुळकायद्याने खंडाला मर्यादा घातली होती. गावोगाव प्राथमिक शाळा निघत होत्या, त्याही मराठीतून. गोवा महाराष्ट्रात गेला नाही, पण मराठी शाळा गोव्यात आली, आणि ज्या मुंडकाराच्या मुलाने पाटी धरली त्याच्या लेखी विलीनीकरण झालं काय नि न झालं काय. बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ ला वारले, ते मुख्यमंत्री असतानाच. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घरातून हाकलता येणार नाही असा कायदा १९७५ मध्ये झाला, कसणाऱ्याला मालकी देणारी दुरुस्ती १९७६ मध्ये. ज्याचं मूळ ध्येयच लोकांनी नाकारलं तो पक्ष त्यानंतर १९७९ पर्यंत सत्तेत राहिला.

भाषेचा हिशेब मात्र बाकी होता. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ नंतर राजभाषेसाठी आंदोलन पेटलं, डिसेंबर १९८६ मध्ये रक्त सांडलं. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा आला. देवनागरी लिपीतली कोंकणी ही राजभाषा, आणि त्याच कायद्यात सरकारी कामासाठी मराठीलाही जागा. रोमी लिपीवाल्यांच्या मनात त्याची सल आजही आहे, मराठीवाल्यांच्याही आहे. त्याच वर्षी ३० मे ला गोवा पंचविसावं घटक राज्य झाला. वीस वर्षांपूर्वीच्या मतपत्रिकेवर हा पर्याय छापलेलाच नव्हता. फूल होतं, दोन पानं होती. ‘आमचं स्वतःचं राज्य’ याला चित्र नव्हतं. तेव्हा पानांवर शिक्का मारणाऱ्या किती जणांच्या मनात खरं तर हे तिसरं चित्र होतं, ते मतपेटीतून कसं कळावं?

गोव्यात १६ जानेवारी आता अस्मिताय दिस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणं होतात, सिक्वेरांना जनमत कौलाचे जनक म्हटलं जातं. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे, तिथेही फुलं वाहिली जातात. पर्वरीला विधानसभेच्या आवारात भाऊंचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी सिक्वेरांचाही पुतळा बसवा, अशी मागणी विधानसभेत येते, आणि त्यावर आमदारांची तोंडं आजही दोन दिशांना होतात.